न पेरलेले पीक

पैशाकडे पैसा जातो, ही म्हण ज्याच्यापाशी पैसा नाही अशाच कोणीतरी प्रथम उच्चारली असावी. तिच्यात जसे निरीक्षण आहे तसा एक निःश्वासही आहे. मजुराची मजुरी, मास्तरांचा पगार, वैद्याची फी यांविषयी अशी म्हण कोणी केली नाही. कारण तेथे पैसा कोठून आला हे विचारावेच लागत नाही. मजुराने माती वाहिली, मास्तरांनी मुले शिकविली, म्हणून त्यांना पैसे मिळाले. निवृत्तिवेतनाचेही तेच, कालच्या कष्टाचा राहिलेला मोबदला आज हातात पडतो, इतकेच. परंतु एखाद्या सकाळी बँकेच्या खात्यावर अमुक कंपनीचा लाभांश म्हणून चार हजार रुपये जमा होतात, आणि त्या कंपनीसाठी त्या वर्षात आपण काडीही इकडची तिकडे केलेली नसते, तेव्हा हे पैसे आपल्याकडे कोणत्या नात्याने आले, हा प्रश्न विचारण्याजोगा ठरतो. कायद्याने ते पैसे निःसंशय आपले आहेत. पण त्यांवर जेवताना आपण कोणाचे जेवतो, हे कायदा सांगत नाही.

मराठी पांढरपेशा माणसाला हा प्रश्न टाळणे इतरांपेक्षा थोडे अधिक अवघड आहे. त्याच्या घराच्या आठवणीत कूळकायदा आहे. १९४८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आणि त्यातील पुढच्या दुरुस्तीने ठरलेला १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांनी, गावी न राहता पिढ्यान्‌पिढ्या खंड घेणाऱ्या कितीतरी घरांचे ते उत्पन्न संपविले. ‘कसेल त्याची जमीन’ या तत्त्वाला ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनाही नैतिक उत्तर देणे सोपे नव्हते. पुण्यामुंबईस नोकरी करणाऱ्याने, ज्या शेताच्या बांधावर तो वर्षानुवर्षे फिरकला नाही, त्यातल्या भातावर हक्क का सांगावा? आज त्याच घरांतली नातवंडे कंपन्यांचे भाग विकत घेतात, आणि ज्या कारखान्याचे फाटकही त्यांनी पाहिलेले नाही त्याच्या नफ्यातला वाटा दरसाल घेतात. ‘कसेल त्याची जमीन’ हे खरे, तर ‘राबेल त्याचा कारखाना’ हे खोटे का? आजोबांचा खंड अन्यायाचा आणि नातवाचा लाभांश न्यायाचा, असे म्हणायचे असेल तर दोहोंतला फरक दाखविता आला पाहिजे. तसा फरक आहे, असे मला वाटते. परंतु तो फुकट मिळत नाही. त्याच्याबरोबर काही बंधने येतात. येथे या दोहोंचाही विचार करावयाचा आहे.

*

प्रथम लाभांश ही वस्तू मुळात काय आहे ते पाहू. कंपनीने वर्षभर धंदा केला. मालाचे आणि मजुरीचे पैसे दिले, कर्जावरचे व्याज चुकविले, यंत्रांच्या घसाऱ्याची तजवीज केली, सरकारचा कर भरला. एवढे सारे झाल्यावर जे उरते तो नफा. त्यातील किती धंद्यात परत घालावयाचे आणि किती वाटावयाचे, हे संचालक मंडळ ठरविते. वर्षअखेरच्या लाभांशाची संचालक शिफारस करतात आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ती संमत करते. संचालकांनी सुचविलेल्या रकमेहून अधिक लाभांश सभेला जाहीर करता येत नाही. एकदा जाहीर झाला की तो ३० दिवसांच्या आत द्यावा लागतो. मात्र तो जाहीर करण्याची सक्ती कंपनीवर नाही. ठेवीवरचे व्याज थकविणारी पेढी बुडाली असे आपण समजतो. लाभांश न देणारी कंपनी मात्र सुखाने नांदू शकते. वॉरेन बफे यांच्या कारकिर्दीत अमेरिकेतील बर्कशायर हॅथवे कंपनीने लाभांश दिला तो एकदाच, १९६७ साली, भागामागे दहा सेंट. तरीही तिचे भागधारक गरीब झाले नाहीत.

जो केवळ उत्पन्नासाठी भाग घेतो, त्याच्या हातून नेमकी हीच गोष्ट निसटते. तो लाभांशाचे बाजारभावाशी असलेले प्रमाण पाहतो. शंभर रुपयांच्या भागावर चार रुपये मिळतात, म्हणजे चार टक्के. पलीकडे दहा टक्के मिळत आहेत, तर तेथेच का जाऊ नये? पण ते दहा टक्के झाले कसे, हे पाहावे लागते. पुष्कळदा असे असते की, शंभरचा भाग चाळीसावर उतरलेला असतो आणि हिशेब मात्र गेल्या वर्षीच्या चार रुपयांचाच चाललेला असतो. भाव उतरला तो बहुधा पुढच्या वर्षी हे चार रुपये मिळतील असे बाजाराला वाटत नाही म्हणून. म्हणजे जे आमिष वाटते तीच खरे पाहता धोक्याची खूण असते.

आणखी एक गंमत आहे. ठराविक दिवशी कंपनीच्या नोंदीत ज्याचे नाव असेल त्याला लाभांश, असा नियम असतो. त्या दिवशी, बाकीच्या घडामोडी बाजूला ठेवल्या तर, भागाचा भाव साधारणपणे लाभांशाइतका उतरतो. काल शंभरचा भाग होता. आज भाग शहाण्णवचा आणि चार रुपये मिळावयाचे. बेरीज शंभरच. वर कराचा भाग निराळाच. १९९७ पासून २०२० पर्यंत, मधले एक वर्ष वगळता, आपल्याकडे हा कर कंपनी भरीत असे. त्यानंतर लाभांश भागधारकाच्या इतर उत्पन्नात मिळवून त्याच्या दराने कर आकारला जाऊ लागला. तेव्हा केवळ लाभांशासाठी आदल्या दिवशी भाग घेणारा माणूस आपलेच पैसे आपल्याच खिशात घालतो आणि त्या प्रवासाचे भाडे सरकारला देतो.

मर्टन मिलर आणि फ्रँको मोदिग्लियानी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९६१ साली हाच मुद्दा शास्त्रीय रीतीने मांडला. कर नाही, दलाली नाही, सर्वांना सारखीच माहिती आहे अशा बाजारात, कंपनीने कोणती कामे हाती घ्यावयाची हे एकदा ठरले की, ती लाभांश किती देते याने भागधारकाच्या संपत्तीत तिळमात्र फरक पडत नाही. ज्याला रोख हवी त्याने थोडे भाग विकावे, परिणाम तोच. दोघांनाही पुढे नोबेल पारितोषिके मिळाली. पण त्यांचे गणित एखाद्या निवृत्त गृहस्थांना समजावून सांगावयास गेले तर ते मान हलवितील. ‘भाग विकणे म्हणजे मुद्दल मोडणे, लाभांश घेणे म्हणजे फळ खाणे.’ यात कोण चुकतो?

या प्रश्नाची उत्तम तपासणी पूर्वीच एका खटल्यात झालेली आहे. कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने १९१६ साली रोख न देता दोन जुन्या भागांमागे एक नवा भाग लाभांश म्हणून वाटला. आपण याला बोनस म्हणतो, आणि त्या शब्दानेच अर्धे फसतो. मॅकोंबर नावाच्या बाईंचे २,२०० भाग होते, त्यांचे ३,३०० झाले. सरकारने यावर प्राप्तिकर मागितला. १९२० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाचास चार मतांनी निकाल दिला की, हे उत्पन्नच नव्हे. कंपनीच्या तिजोरीतून काही बाहेर गेले नाही आणि बाईंच्या घरात काही आले नाही. जो वाटा पूर्वी होता तोच आता अधिक कागदांवर लिहिला गेला. भांडवल हे झाड आणि उत्पन्न हे त्यापासून सुटे झालेले फळ. झाडाची नुसती वाढ म्हणजे फळ नव्हे. अल्पमतातील न्यायमूर्ती ब्रँडाइस यांचा आक्षेपही तोलाचा होता. कंपनीने आधी रोख वाटून त्याच पैशांत नवे भाग घ्या असे म्हटले असते तर कर लागला असता; मग मधला एक हेलपाटा वाचविला म्हणून वस्तू बदलली काय?

दोन्ही पक्ष ऐकल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. फळ की लाकूड, हे हातात रोख आली की नाही यावरून ठरत नाही. जे. आर. हिक्स यांनी १९३९ साली उत्पन्नाची जी व्याख्या केली तिचा आशय असा : ठराविक मुदतीत माणसाला जितके खर्च करता येते आणि तरीही मुदतीच्या अखेरीस तो आरंभाइतकाच सुस्थितीत राहण्याची अपेक्षा धरू शकतो, तितके त्याचे उत्पन्न. शेतकऱ्याला हे व्याख्येवाचून कळते. खळ्यावरची सगळी रास त्याचीच असते, पण सगळी खाण्याची नसते. पुढच्या मृगासाठी बियाणे बाजूला निघाले, बैलांच्या वैरणीची सोय झाली, की मग उरेल ते घराचे. आता एखादी कंपनी यंत्रांची डागडुजी पुढे ढकलते, नव्या मालाचा शोध थांबविते, वेळी कर्ज काढते आणि लाभांश मात्र नेमाने देते. भागधारक म्हणतो, कंपनी मोठी सचोटीची आहे. वस्तुतः तो बियाणे खात असतो. खात्यावर जमा झालेल्या रुपयांवर ते कणगीतले की बियाण्याच्या मडक्यातले, हे लिहिलेले नसते.

तरीपण निवृत्त गृहस्थांना हसू नये. हर्श शेफ्रिन आणि मीर स्टॅटमन यांनी १९८४ साली दाखविले की, ‘लाभांश खावा, मुद्दलाला हात लावू नये’ या नियमाचे मूळ हिशेबात नसून संयमात आहे. माणूस स्वतःला ओळखून असतो. गरज पडेल तसे भाग विकण्याची मुभा एकदा घेतली की प्रत्येक गरज निकडीची वाटू लागेल, आणि आयुष्य संपण्यापूर्वी पैसा संपेल, ही भीती खोटी नाही. मुद्दलाभोवती नियमाचे कुंपण घालणाऱ्या माणसाला गणित कमी येत असेल. पण माणसाचे मन त्याला अधिक कळते. मात्र हे कुंपण तेव्हाच कामाचे, जेव्हा कुंपणाबाहेर येते ते खरोखरच फळ असते.

*

आता अधिकाराचा प्रश्न. पैशाने पैसा प्रसवावा याचा तिटकारा फार जुना आहे. ॲरिस्टॉटलने व्याजाला सर्वांत अनैसर्गिक कमाई म्हटले; ग्रीक भाषेत व्याजाला जो शब्द आहे त्याचा अर्थच अपत्य असा आहे. आपल्याकडे वार्धुषिकाला, म्हणजे व्याजबट्ट्यावर जगणाऱ्याला, धर्मशास्त्राने हलक्या पंक्तीत बसविले आणि एका वेळी घ्यावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये असा दामदुपटीचा नियम घातला. मुंबई इलाख्यातील इंग्रजी न्यायालयांनीही तो हिंदू ऋणकोंच्या बाबतीत पाळला. त्याने भागले नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या बाजारात रयतेने सावकारांची दुकाने फोडली आणि कर्जाचे कागद जाळले. त्यातूनच १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. आणि त्याच्याही अडीचशे वर्षे आधी, दुष्काळानंतर, देहूच्या वाण्याने आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. तुकोबांना लोकांचे देणे सोडताना ज्याची शिसारी आली असावी तो पैसा नव्हे. शेत पिकले काय आणि करपले काय, कागदावरचा आकडा हलत नाही, ही त्या कागदाची निर्दयता होती.

नेमक्या याच ठिकाणी भागधारक सावकारापासून वेगळा होतो. सावकाराचे घेणे पिकाआधीच ठरलेले असते. भागधारकाचे काही ठरलेलेच नसते. कारखान्याच्या पंगतीत कामगार, माल पुरविणारे, कर्ज देणारे, सरकार हे सारे आधी जेवून उठतात. भागधारक शेवटच्या पंगतीला बसतो. कधी पातेल्यात बासुंदी उरते, कधी खरवड. कारखाना बुडाला तर त्याच्या लिलावातही त्याचा क्रम शेवटचाच. पैशाच्या प्रसूतीवर त्याचा हक्क उभा नाही. इतरांना निश्चित मिळावे म्हणून त्याने अनिश्चितता आपल्याकडे घेतली, यावर तो उभा आहे.

आजोबांच्या खंडाशीही येथे फरक पडतो. रोख किंवा ठरीव धान्याचा खंड हा सावकारी कागदाचाच भाऊ. पण अर्धेलीचे काय? तेथे तर मालकही पिकाबरोबर बुडे. फरक असा की, जमीन मालकाने निर्माण केली नव्हती. त्याने खंड घेतला नसता तरी ती तेथेच असती आणि पिकली असती. यंत्र मात्र कोणीतरी आजचा घास मागे ठेवल्यावाचून उभे राहत नाही. शिवाय कूळ जाणार कोठे? त्या शिवारात दुसरी जमीन नसे, आणि मालकाच्या मर्जीवर त्याचे पोट टांगलेले असे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. बाजारात भाग विकत घेणाऱ्याने कारखान्याला कुठे पैसे दिले? त्याने ते दुसऱ्या भागधारकाला दिले. कारखान्यात वीट बसली ती पन्नास वर्षांपूर्वी, पहिल्या भागधारकाच्या पैशाने. हे खरे, पण पहिल्याने ते पैसे दिले ते, गरज पडेल तेव्हा आपली जागा घेणारा दुसरा कोणी मिळेल, या भरवशावर. खांद्यावरचे ओझे उतरवून घेणारा पुढच्या मुक्कामी भेटणार नसेल तर पहिला माणूस ते उचलणारच नाही. तेव्हा आजचा भागधारक ओझे वाहतो हे मान्य करावे लागते. मात्र तो वाहतो म्हणून रस्ताही त्यानेच बांधला, असा आव त्याने आणू नये.

आणि ओझे वाहणारा तो एकटाच आहे, असाही नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर कितीतरी गिरण्या पुन्हा पुरत्या उभ्या राहिल्याच नाहीत. गिरणीचा भागधारक आपले पैसे दहा कंपन्यांत विभागून ठेवू शकत होता. कामगाराला आपले दोन हात दहा गिरण्यांत विभागता येत नव्हते. भागधारकाचे नुकसान त्याने घातलेल्या पैशापुरते. मर्यादित जबाबदारीचा कायदा त्याला त्यापलीकडे हात लावू देत नाही. कामगाराच्या नुकसानीला अशी मर्यादा कोणी आखून दिली नव्हती. लालबाग-परळच्या चाळींतून मुलांच्या शाळा सुटल्या त्या कोणत्या ताळेबंदात मांडल्या गेल्या? जोखीम हेच लाभांशाचे समर्थन असेल तर त्या तराजूत कामगाराचे पारडे हलके नाही, हे आपल्याला कबूल करावे लागेल. भागधारकाचा हक्क खरा आहे, एकमेव नाही.

*

लाभांशाचे समर्थन अनिश्चिततेत असेल, तर त्यातून एक निष्कर्ष निघतो आणि तो उत्पन्नेच्छू माणसाला गैरसोयीचा आहे. ज्या क्षणी लाभांश निश्चित होतो त्या क्षणी त्याचे समर्थन नाहीसे होते. हा केवळ तर्क नाही. आपल्या इतिहासात तो घडून गेलेला आहे.

१६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने १६१० साली आपल्या भागधारकांना पहिला वाटा दिला तो बव्हंशी जायपत्रीच्या रूपाने. घरात जायपत्रीची पोती येऊन पडलेल्या त्या भागधारकांची तारांबळ उडाली असेल. पण जहाजाने आणले तेच वाट्याला आले, एवढा सरळपणा त्यात होता. आता इंग्रज कंपनीकडे पाहा. १८३३ च्या सनदेने तिचा उरलासुरला व्यापार बंद झाला. जी कंपनी व्यापारच करीत नाही तिला नफा कोठला? तरीही तिच्या साठ लाख पौंडांच्या भांडवलावर दरसाल साडेदहा टक्के, म्हणजे ६,३०,००० पौंड, लाभांश कायम ठेवण्यात आला. तो कोणी द्यावयाचा? हिंदुस्थानच्या महसुलातून. १८५७ चा उठाव झाला, १८५८ साली कंपनीचे राज्य गेले, आणि लाभांश चालूच राहिला. १८७४ साली कंपनी विसर्जित होईपर्यंत तो इंग्लंडातल्या घराघरांत पोचत होता. त्या घरांत सावकारी वृत्तीची माणसे थोडीच होती? म्हाताऱ्या आत्या, निवृत्त पाद्री, पोरकी मुले अशांचीच ती घरे असतील. आपला चरितार्थ कोणत्या रयतेच्या शेतसाऱ्यातून चालतो हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि ठाऊक करून घेण्याची गरजही नव्हती. निश्चित उत्पन्नाचे हेच वैशिष्ट्य आहे की, ते कोठून येते हे विचारण्याची गरज ते ठेवीत नाही.

आपल्या दारातली आगगाडीही अशाच हमीवर आली. १८४९ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीशी जो करार झाला त्यात जमीन फुकट आणि भांडवलावर पाच टक्क्यांची हमी होती. मिळकत कमी पडली तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीने भरावयाची. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला गाडी गेली त्याचे कौतुक आपण पाठ्यपुस्तकांतून वाचतो. पाच टक्क्यांचा उल्लेख तेथे नसतो. बोरघाट फोडताना पटकीने आणि तापाने हजारो मजूर दगावले. घाटातली अनिश्चितता त्यांच्या वाट्याला, तुटीची अनिश्चितता रयतेच्या वाट्याला, आणि लंडनच्या भागधारकाच्या वाट्याला पाच टक्के. खर्च वाढला तरी हमी ठरलेलीच, म्हणून काटकसरीचीही कोणाला निकड नव्हती. अनिश्चितता जगातून नाहीशी करता येत नाही. ती फक्त एका खांद्यावरून दुसऱ्यावर टाकता येते, आणि ती नेहमी उंच खांद्यावरून खालच्या खांद्याकडे घसरते.

*

एवढे लिहून थांबलो तर ते एकांगी होईल. निश्चिततेची इच्छा धरणारा माणूस नेहमीच लोभी नसतो. पुष्कळदा तो म्हातारा असतो. न्यू यॉर्क शहराला वीज पुरविणाऱ्या कन्सॉलिडेटेड एडिसन कंपनीने १८८५ पासून एकदाही लाभांश चुकविला नव्हता. १९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव भडकले, आणि एप्रिल १९७४ मध्ये कंपनीने त्या तिमाहीचा लाभांश देता येत नाही असे जाहीर केले. थोड्याच दिवसांत तिच्या भागाचा भाव सुमारे एक तृतीयांशाने कोसळला. पुढच्या सभेला भागधारकांची रीघ लागली. त्यांत वृद्ध फार होते. एका विधवेचे गाऱ्हाणे नंतर अर्थशास्त्राच्या लेखांतूनही नमूद झाले.  नवरा गेल्यावर ही कंपनीच तिला नवऱ्याच्या ठिकाणी होती. मिलर आणि मोदिग्लियानी यांच्या हिशेबाने तिने थोडे भाग विकावेत, इतकेच. पण विकावयाचे ते पडत्या भावाला. आणि तुटले होते ते उत्पन्नाहून मोठे असे काही.

तिच्या दुःखापुढे नम्र व्हावे, आणि तरीही विचारावे : कंपनीने दुसरे काय करावयास हवे होते? कर्ज काढून लाभांश द्यावा, की विजेचे दर वाढवून, म्हणजे त्याच शहरातल्या दुसऱ्या एखाद्या विधवेच्या दिव्यातून, तो काढावा? आपला कूळकायदा करणाऱ्यांनाही असाच पेच पडला होता. विधवा, अज्ञान मुले आणि अपंग यांच्या मालकीच्या जमिनींच्या बाबतीत कुळाच्या खरेदीचा हक्क त्यांनी पुढे ढकलला. तत्त्व सोडले नाही, पण ते राबविताना दुबळ्याकडे पाहिले. तसे पाहणे हे समाजाचे काम आहे. म्हातारपणाची निश्चिती ही सर्वांनी मिळून द्यावयाची वस्तू आहे. ती एखाद्या कारखान्याच्या नफ्यातून पिळून काढू लागलो की कारखानाही मोडतो आणि निश्चितीही राहत नाही.

उलट बाजूचीही एक कथा आहे. हेन्री फोर्डने १९१६ साली खास लाभांश बंद केले. कारण असे सांगितले की, गाड्या स्वस्त कराव्यात, कारखाना वाढवावा, अधिक लोकांना काम द्यावे. दहा टक्के भागांचे मालक असलेले डॉज बंधू न्यायालयात गेले. १९१९ साली मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने सुमारे एक कोटी त्र्याण्णव लाख डॉलर वाटण्याचा हुकूम कायम केला आणि बजावले की, व्यापारी कंपनी ही मुख्यतः भागधारकांच्या नफ्यासाठी असते. वरवर पाहता फोर्ड उदार आणि डॉज लोभी दिसतात. पण डॉज बंधूंनी स्वतःचा मोटारींचा कारखाना काढला होता आणि त्यांचे भांडवल त्याच लाभांशातून येत होते. धंदा वाढविण्याचे थोर कारण सांगून प्रतिस्पर्ध्याची रसद तोडता येते, हे फोर्डला कळत नसेल असे मानण्याचे कारण नाही. न वाटलेला नफाही आपोआप सत्कारणी लागत नाही. तो ज्याच्या हातात राहतो त्याची सत्ता वाढवितो. लाभांश हा धंद्याच्या कारभाऱ्याला दरसाल द्यावा लागणारा हिशेबही असतो. ताळेबंदातला नफा कागदी नाही, हे रोख मोजून दाखवावे लागते.

*

मग लाभांशावर जगणाऱ्याने काय करावे? तुकोबांप्रमाणे कागद बुडवावेत असे मी म्हणणार नाही; ते सामर्थ्य आपल्यापैकी फार थोड्यांत आहे, आणि आपले डीमॅट खाते इंद्रायणीत बुडतही नाही. पण ज्या कारणाने हा घास आपला ठरतो त्या कारणाशी प्रामाणिक राहणे प्रत्येकाला शक्य आहे.

अनिश्चितता वाहतो म्हणून मला वाटा मिळतो, तर वाईट वर्षी वाटा कमी आला म्हणून मी आरडाओरड करू नये. वाईट वर्षीही तोच वाटा आला तर उलट मी सावध व्हावे, आणि तो कोणाच्या ताटातून आला ते पाहावे. नफ्यातला किती हिस्सा वाटला गेला, रोख खरोखर हातात आली होती की कर्जातून दिली, डागडुजीचा आणि मजुरीचा खर्च उगीच आक्रसला आहे काय, हे प्रश्न आपले पैसे राखण्यासाठी शहाणा गुंतवणूकदार विचारतोच. नीतीला विचारावयाचे प्रश्नही जवळजवळ तेच आहेत, हा मोठा दिलासा आहे. बियाणे खाणे हे व्यवहाराच्या दृष्टीने मूर्खपणाचे, आणि पुढच्यांच्या दृष्टीने चोरीचे.

दुसरे असे की, मालकाने मालकासारखे वागावे. सात वर्षे सतत न उचललेला लाभांश आणि त्याबरोबर ते भागही कायद्याने गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. असा निधी स्थापन करावा लागला, यावरून आपल्या मालकीची आपल्याला किती शुद्ध असते हे दिसते. वडील वारतात, कपाटातल्या कागदांचा मुलांना पत्ता नसतो, आणि कारखाना आपल्या बेपत्ता मालकासाठी नफा मोजीत राहतो. पण जे बेपत्ता नाहीत ते तरी काय करतात? सभेची सूचना येते, ठराव येतात, घरबसल्या मत देता येते. आपण ते पत्र न उघडता लाभांश मात्र उघड्या हाताने घेतो. कुळाकडून खंड घेऊन शेताकडे न फिरकणाऱ्या आजोबांत आणि आपल्यांत जो फरक आपण मघाशी मोठ्या कष्टाने सिद्ध केला, तो येथे आपल्याच हाताने पुसून टाकतो.

आणि तिसरे, या घासात दुसऱ्याचा वाटा आहे याची आठवण. टाटा सन्स या कंपनीचे सुमारे दोनतृतीयांश भाग धर्मादाय विश्वस्त निधींकडे आहेत. अशाच एका निधीने १९४१ साली परळला कर्करोगाचे रुग्णालय उभे केले. पुढे ते सरकारकडे गेले. गावोगावचे किती रुग्ण आजवर त्याच्या आवारात येऊन बसले असतील. जमशेदपूरच्या भट्टीपुढे घाम गाळणाऱ्याला त्याचे संपूर्ण श्रेय कोणी दिले नाही, हे खरे. पण न कमावलेला पैसा न कमावलेल्या दुःखाकडे वळविता येतो, एवढे तरी त्यातून दिसले. आपल्या चार हजारांतून रुग्णालय होत नाही. तरी त्यातले चारशे कोठे जावेत, हा विचार करावयास आड कोण येते?

पीक दुसऱ्याने पेरलेले, दुसऱ्याने राखलेले, आपण फक्त उन्हाळ्यात बियाणे पुरविले, तर खळ्यावर आपला एक वाटा निघतो; तो घेण्यात लाज नाही. मात्र खळ्यावर जावे, रास पाहावी, बियाण्याचे आधी निघाले काय, राबणाऱ्यांचे पुरते निघाले काय हे विचारावे, आणि मग आपली पाटी पुढे करावी. यंदा पाऊस कमी झाला असेल तर ती अर्धीच भरून आणावी लागेल. ती तशी मुकाट्याने आणणारा माणूसच चांगल्या वर्षीची भरलेली पाटी स्वस्थ मनाने घरी नेऊ शकतो.